घाशीराम कोतवालाचा अंत : कांहीं विचार

पेशवाईच्या उत्तरकाळांतील कांहीं नांवें अशीं आहेत कीं, तीं इतिहास न वाचलेल्या मनुष्याच्याही तोंडीं बसलीं आहेत. घाशीराम कोतवाल हें त्यांपैकींच एक होय. एखाद्या अंमलदारानें मन मानेल तसा अंमल चालविला म्हणजे लोक त्यास घाशीराम म्हणतात. आणि तो मूळचा घाशीराम शेवटीं दगडांखालीं मेला, हें सांगतांना सांगणाराच्या स्वरांत एक प्रकारचें समाधान उमटतें. या समाधानाविषयींच प्रस्तुत लेखांत आम्हांस लिहावयाचें आहे. घाशीराम भला होता कीं दुष्ट होता, हा वाद आम्ही उकरून काढीत नाहीं. त्याचा कैवार घेण्याचा तर आमचा मुळींच हेतु नाहीं. शके १७१३ च्या पावसाळ्यांत, म्हणजे इ. स. १७९१ च्या ऑगस्ट अखेरीस, पुणें शहरांत जें घडलें त्यास न्याय हें नांव कितपत शोभतें, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे. आमच्या मतें त्या तीन दिवसांत चौकशीवांचून शिक्षा हा एकच दोष दोनदां घडला. पहिल्या वेळीं तो कोतवालाकडून घडला, दुसऱ्या वेळीं जमावाकडून व सरकाराकडून. पहिला दोष सर्वांच्या ध्यानांत राहिला. दुसऱ्यानें पहिल्याचें उट्टें निघालें असें समजून लोक स्वस्थ राहिले.

घाशीराम सावळदास हा गौड ब्राह्मण, औरंगाबादेकडून पुण्यास आलेला. इ. स. १७७७ त त्यास पुण्याची कोतवाली मिळाली व मरेपर्यंत, म्हणजे सुमारें साडेचौदा वर्षें, ती त्याजकडे राहिली. तो कारभारी नाना फडणीस यांच्या मर्जींतला होता, याविषयीं कोणत्याच वृत्तान्तांत मतभेद नाहीं. मर्जींतला नसता तर इतकीं वर्षें त्या जागेवर टिकता ना. कारण ती जागा साधी नव्हती.

हल्लींच्या वाचकास कोतवाल म्हटलें म्हणजे चोर पकडणारा एक अधिकारी डोळ्यांपुढें येतो. पेशव्यांच्या पुण्यांत कोतवालाचें काम यापेक्षां पुष्कळच मोठें होतें. पेठांपेठांतील तंट्यांचा निकाल करावा. रस्ते, बोळ व घरें यांच्या हद्दींचीं भांडणें तोडावीं. बाजारांतील निरख ठरवावे. घरें व जागा यांच्या खरेदीविक्रीची नोंद ठेवावी. शहरांत कोण आला व कोण गेला याची याद ठेवावी. सरकारकामास लागतील तेवढे मजूर पुरवावे. जुगाऱ्यांना परवाने देऊन त्यांजवर नजर ठेवावी. हीं सर्व कामें त्याच्याकडे असत. बुधवार पेठेंतील कोतवाल चावडी व निरनिराळ्या पेठांतील चौक्या यांच्या द्वारें हा पसारा चाले. म्हणजे पकडणें, कोंडणें, दंड बसविणें आणि त्या दंडाचा हिशेब ठेवणें, हीं चारही कामें एकाच माणसाच्या हातीं एकवटलीं होतीं. अशा जागेवर साधुपुरुष बसविला तरी चार वर्षांत त्याच्याविषयीं कुरकुर उठावी. मग तेथें साधुपुरुष बसविलेला नव्हता हें उघडच आहे. घाशीरामाच्या कारकीर्दींत चौक्या वाढल्या, रात्रीचा बंदोबस्त कडक झाला आणि त्याचबरोबर जुलमाची ओरडही वाढली. या तीनही गोष्टी एकमेकींस धरून आहेत.

रात्रीच्या बंदोबस्ताविषयीं पेशव्यांच्या चाकरींतील विल्यम हेन्री टोन नांवाच्या आयरिश सरदारानें लिहून ठेविलें आहे. रात्रीं दहा वाजतां तोफ होई. त्यानंतर रस्त्यावर जो सांपडे त्यास गस्तवाले धरून नेत व सकाळीं कोतवालानें सोडीपर्यंत तो अडकून राही. खुद्द पेशव्यांनाही अवेळीं बाहेर पडल्यामुळें एकदां रात्रभर अटकेंत राहावें लागलें, अशी ऐकीव गोष्टही त्यानें नमूद केली आहे. ती खरी असो वा नसो, पुण्याच्या गस्तीचा दरारा किती होता हें तीवरून कळतें. परंतु येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. टोनचें हें लिहिणें इ. स. १७९६ मधील आहे, म्हणजे घाशीराम मेल्यास तेव्हां पांच वर्षें होऊन गेलीं होतीं. याचा उपयोग पुढें होईल.

आतां ज्या लोकांच्या मृत्यूनें हा प्रसंग उद्भवला त्यांच्याकडे वळूं. श्रावणमासची दक्षणा ही पुण्याच्या वैभवाची एक मोठी खूण होती. मूळ ही चाल तळेगांवच्या दाभाड्यांची. इ. स. १७३१ त डभईच्या लढाईंत त्रिंबकराव दाभाडे पडले, आणि पुढें हें दक्षणेचें व्रत पेशव्यांनीं आपल्याकडे घेतलें. पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत दक्षणा वांटली जाई व तिच्यासाठीं कोंकण, देश, कर्नाटक, तेलंगण, काशी अशा लांब लांबच्या मुलुखांतून ब्राह्मण पायीं चालत येत. त्यांत कोणी दशग्रंथी विद्वान् असत, कोणी चार मंत्रांवर वर्षाचें पोट भरणारे असत. शहरांत त्यांचें कोणी ओळखीचें नसे, त्यांची भाषा कोतवालीच्या प्याद्यास कळत नसे, आणि दक्षणा पदरांत पडल्यावर परत निघेपर्यंत ते धर्मशाळांत, देवळांत किंवा झाडाखालीं उतरत. शहराची याद ठेवणाऱ्या अंमलदाराच्या दृष्टीनें असा परका मनुष्य म्हणजे आधींच अर्धा संशयित. हें पुण्यासच होतें असें नाहीं. परंतु श्रावणांत पुण्याइतकी परक्यांची दाटी दुसऱ्या कोणत्या शहरांत होत असेल असें वाटत नाहीं.

१७९१ च्या श्रावणाची दक्षणा आटोपून अशीच तेलंगी ब्राह्मणांची एक टोळी परतीच्या वाटेवर होती. त्यांनीं घाशीरामाच्या बागेंत शिरून कांहीं फळें किंवा कणसें तोडलीं, रखवालदाराशीं बाचाबाच झाली, आणि कोतवालाच्या हुकुमानें त्यांना चोर म्हणून धरून नेलें, असें सांगतात. तारीख २९ ऑगस्ट. तीस-पस्तीस माणसें एका कोंदट जागेंत कोंडून बाहेरून कुलूप घातलें गेलें. दुसऱ्या दिवशीं दार उघडलें तेव्हां त्यांतील एकवीसजण गुदमरून मेलेले निघाले. संख्येच्या बाबतींत वृत्तान्तांत थोडाफार फरक आहे. कोणी मेलेल्यांची संख्या याहून अधिक देतो. मानाजी फाकडे यांनीं कुलूप तोडून दार उघडलें व ही वार्ता पेशव्यांच्या कानीं घातली, असें मराठी वृत्तान्तांत येतें. हे चोर होते आणि अफू खाऊन मेले, अशी सबब घाशीरामानें नानांस सांगितली, असेंही त्यांत आहे.

अफूची सबब उघड उघड लंगडी आहे. एकवीस माणसें एका रात्रींत एकाच खोलींत अफू खाऊन मरत नाहींत. परंतु त्या सबबींतील पहिला शब्द अधिक विचार करण्यासारखा आहे, तो म्हणजे 'चोर'. तो शब्द एकदां उच्चारला कीं पुढील सर्व गोष्टी कोतवालाच्या माणसांस सोप्या झाल्या. माल कोणता, किती, कोणी घेतला, कोणीं पाहिला, हें विचारण्याचें कारणच उरलें नाहीं. पस्तीस माणसांनीं मिळून कणसें तोडलीं असें मानलें तरी त्या अपराधास एक रात्र हवेवांचून कोंडण्याची शिक्षा कोणत्याही शास्त्रांत सांगितलेली नाहीं. त्यांना मारावयाचें असें कोणी ठरविलें नसेल, बहुधा नसावेंच. संशयिताच्या जिवाची किंमत कोतवालीच्या खिजगणतींत नव्हती, एवढ्यानेंच तीं माणसें मेलीं.

बातमी शहरांत फुटतांच तेलंगी ब्राह्मणांचा मोठा जमाव नानांच्या वाड्यापुढें गोळा झाला. ब्रह्महत्या झाली, अपराधी आमच्या हवालीं करा, ही त्यांची मागणी. न्यायाधीश अय्याशास्त्री यांस समजूत घालण्यास पाठविल्याचें सांगतात. परंतु जमाव कोणाचें ऐकेना. रामशास्त्री प्रभुणे यांस जाऊन तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. ते असते तर काय झालें असतें, हा विचार मनांत आल्याशिवाय राहत नाहीं. पण इतिहासांत अशा विचारास जागा नाहीं. नानांनीं प्रथम वेळ काढून पाहिला. अखेर घाशीरामास शहरांतून अप्रतिष्ठेनें फिरवून तेलंगांच्या स्वाधीन करण्यांत आलें. ३१ ऑगस्ट रोजीं त्यांनीं दगड घालून त्यास ठार मारिलें. कोंडवाड्याचें कुलूप लागल्यापासून कोतवालाचा प्राण जाईपर्यंत पुरते दोन दिवसही लोटले नव्हते.

हा प्रसंग पुण्याच्या इंग्रज वकिलातींतही चर्चिला गेला. १७८६ पासून चार्लस मॅलेट हा तेथें रेसिडेंट होता, आणि त्याच्या भोंवतालच्या इंग्रजांकडून हा वृत्तान्त बाहेर पडून पुढें जेम्स फोर्ब्सच्या १८१३ मधील ग्रंथांतही गेला. रा. ब. पारसनीस यांनीं १९२१ सालीं पुण्याविषयीं जें इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें त्यामुळें तो पुन्हां सर्वांपुढें आला. या सर्व वृत्तान्तांत मिरवणुकीचें वर्णन आहे, जमावाच्या आरोळ्या आहेत, दगड आहेत. नाहीं ती एकच गोष्ट. घाशीरामास कोणीं काय विचारिलें व त्यानें काय उत्तर दिलें, त्याच्या प्याद्यांच्या जबान्या कोणीं घेतल्या, जिवंत निघालेल्या तेलंगांची साक्ष कोणापुढें झाली, याविषयीं त्यांत चकार शब्द नाहीं. कुलूप कोणीं लाविलें व किल्ली कोणाजवळ होती, एवढें साधें कलमही नाहीं.

यावर कोणी म्हणेल, पेशवाईंत असली चौकशी करण्याची रीतच कोठें होती? हा आक्षेप घाईचा आहे. एखाद्या वतनाच्या अथवा घराच्या भांडणांत वादी-प्रतिवादींकडून राजीनामा घ्यावा, जामीन घ्यावे, दोघांच्या तकरिरी लिहून घ्याव्या, पुरसीस करावी, गोही तपासावे, मग निवाडपत्र द्यावें. जिंकणारानें हरकी द्यावी व हरणारानें गुन्हेगारी भरावी. अशी पायरीपायरीनें चालणारी पद्धत त्या राज्यांत होती, व तिचे शेंकडों कागद संशोधकांनीं छापले आहेत. एका भिंतीसाठीं इतके कागद करणारें हें राज्य होतें. फौजदारी कामांत पद्धत आंखूड होती, हें आम्हांस मान्य आहे. चोर, बंडखोर, फितुरी यांच्या बाबतींत पुष्कळ वेळां अंमलदाराची खात्री हाच पुरावा ठरे. आणि कबुली मिळविण्याचे मार्गही आजच्या मनास रुचणारे नव्हते. तथापि मोठ्या अपराधाची चौकशी होतच नसे असें मुळींच नाहीं, आणि त्याचें उदाहरण त्याच शहरांतील आहे.

३० ऑगस्ट १७७३ रोजीं नारायणराव पेशव्यांचा शनवारवाड्यांत खून झाला. घाशीरामाच्या प्रकरणापूर्वीं बरोबर अठरा वर्षें. तारखांच्या या मेळास आम्ही कांहीं अर्थ लावीत नाहीं. परंतु त्या खुनाचा संशय प्रत्यक्ष गादीवर बसलेल्या मनुष्यावर होता, आणि तरीही रामशास्त्र्यांनीं कांहीं आठवडे खपून कोणाचा हात त्यांत कितपत होता हें शोधून काढिलें, राघोबादादांस त्यांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय सांगितला आणि आपण पुणें सोडून वांईनजीकच्या पांडववाडीस जाऊन राहिले. त्या निर्णयाची अंमलबजावणी झाली नाहीं, हें खरें. पण अपराध कोणता व तो कोणाचा, हें सांगणारा एक मनुष्य त्या राज्यांत निघाला. अपराधी निसटला तरी निर्णय राहिला. १७९१ त याच्या उलट झालें.

येथें एक गोष्ट विचारांत घ्यावी लागते, व ती घाशीरामाच्या जातीची. पेशवाईंत ब्राह्मणास उघडपणें देहान्त शिक्षा देत नसत. एल्फिन्स्टन यानें १८१९ च्या आपल्या अहवालांत लिहिलें आहे कीं, ज्या ब्राह्मण कैद्यांस मारतां येत नसे त्यांना विषानें अथवा अपायकारक अन्नानें संपवीत. त्यांपैकीं एक प्रकार म्हणजे निम्में पीठ व निम्में मीठ यांची भाकर. शास्त्रानें निषिद्ध केलेली गोष्ट दृष्टीआड करण्याची ही युक्ति होय. घाशीराम हा ब्राह्मण होता. न्यायाधीशापुढें त्याचा खटला चालता तर किल्ल्यावरील कैदेपलीकडे निवाडा जाणें कठीण होतें, आणि वाड्यापुढील जमावास कैद नको होती. अशा पेंचांत सरकारानें त्यास मारिलें नाहीं, तर मारणारांच्या हातीं दिलें. मारणारेही ब्राह्मणच, त्यामुळें दोषाचा वांटा कोणाकडे जावा हा प्रश्नही गुंतागुंतीचा झाला. हें आमचें अनुमान आहे. नानांच्या मनांत काय होतें हें त्यांनीं लिहून ठेविलेलें नाहीं. पण पिठांत मीठ मिसळण्याची युक्ति जेथें माहीत होती, तेथें जमावाच्या हातून काम करून घेण्याची युक्ति सुचणें अशक्य नव्हतें.

दुसराही एक विचार संभवतो. ऑगस्ट १७९१ त टिपूवरील मोहीम ऐन भरांत होती. हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन हे दोघेही फौजा घेऊन कर्नाटकांत होते. महादजी शिंदे उत्तरेंत होते, ते पुढील वर्षीं पुण्यास आले. पेशवे सवाई माधवराव अवघे सतरा वर्षांचे. अशा वेळीं दक्षणेस आलेल्या ब्राह्मणांवर शस्त्र उगारून एका बदनाम कोतवालास वांचविणें नानांसारख्या हिशेबी मुत्सद्द्यास परवडणारें नव्हतें, हें आम्ही समजूं शकतों. मात्र समजूं शकणें निराळें व योग्य ठरविणें निराळें. घाशीरामास त्याच दिवशीं एखाद्या किल्ल्यावर रवाना करून चौकशीचा हुकूम जाहीर करणें हा मार्ग नानांस मोकळा होता कीं नाहीं? आमच्या मतें होता. तो घेतला असता तर चौकशी कोतवालीच्या दप्तरापर्यंत जाती, आणि साडेचौदा वर्षांचें तें दप्तर उघडणें कोणास कितपत सोयीचें होतें, हें सांगण्यास फारशी बुद्धि लागत नाहीं.

या मुद्द्यास उजाळा मिळावा म्हणून दूरच्या पण फार जवळच्या वाटणाऱ्या एका प्रसंगाचा उल्लेख करितों. पुण्याच्या या घटनेपूर्वीं पंचावन्न वर्षें स्कॉटलंडच्या एडिंबरो शहरांत शहरशिपायांचा कप्तान जॉन पोर्टियस हाही जमावाच्या हातून मेला. १४ एप्रिल १७३६ रोजीं चोरटा व्यापार करणाऱ्या विल्सन नांवाच्या लोकप्रिय अपराध्यास तेथें फांशीं दिलें. गर्दीनें दगडफेक केली, शिपायांनीं गोळ्या झाडल्या व सुमारें सहा माणसें मेलीं. पोर्टियसनें गोळ्या झाडण्याचा हुकूम दिला कीं नाहीं, यावर जुलै महिन्यांत रीतसर खटला होऊन त्यास फांशीची शिक्षा झाली. राजा परदेशीं असल्यामुळें कारभार पाहणारी राणी कॅरोलाइन हिनें ती शिक्षा लांबणीवर टाकिली. तेव्हां ७ सप्टेंबरच्या रात्रीं जमावानें तुरुंगाचें दार जाळून पोर्टियसला बाहेर ओढलें आणि ज्या चौकांत गोळ्या झाडल्या गेल्या त्याच चौकांत रंगाऱ्याच्या खांबास टांगलें. जातां जातां एका दुकानांतून दोर घेतला त्याचे पैसे म्हणून एक गिनी तेथें ठेवून दिली. जमावास आपण चोर नसून न्यायाधीश आहों असें वाटत होतें, हें या एका गिनीवरून दिसून येतें.

दोन्ही शहरांत मेला तो शहराचा रखवालदार. मारणारांचा राग दोन्हीकडे सकारण. परंतु फरक मोठा आहे, आणि तो पुण्याच्या बाजूनें नाहीं. एडिंबरोस खटला आधीं झाला होता. म्हणून पोर्टियसच्या हुकुमाविषयीं साक्षीदारांचीं परस्परविरुद्ध म्हणणीं आजही कोणासही वाचावयास मिळतात. जमावानें त्यास मारिल्यावर पार्लमेंटानें त्याचीही चौकशी केली; १७३७ त शहरास दोन हजार पौंड दंड करून ती रक्कम पोर्टियसच्या विधवेस देवविली, व शहराच्या मुख्य अधिकाऱ्यास पुढें कोणतीही जागा धरण्यास अपात्र ठरविलें. जमावांतील कोणासही खुनाबद्दल शासन झालें नाहीं, कारण नांवें सांगण्यास कोणी पुढें येईना. तेव्हां तेथेंही न्याय पुरा झाला असें म्हणवत नाहीं. पण कोतवालाचा अपराध एक व कोतवालास मारणाराचा अपराध दुसरा, हा भेद तेथील सरकारानें कागदावर तरी राखला. पुण्यास तो भेद सरकारानें स्वतःच पुसला. एडिंबरोच्या जमावास दार जाळावें लागलें. पुण्यास दार सरकारानेंच उघडून दिलें.

आतां टोनच्या लेखाकडे पुन्हां वळतों. घाशीराम मेला आणि पांच वर्षांनीं पाहावें तों तीच तोफ, तीच गस्त, तीच रात्रभराची अटक, आणि सकाळीं सोडणारा तोच कोतवाल. माणूस तेवढा निराळा. ज्या अधिकारामुळें पस्तीस परके लोक एका शब्दावर कोंडले जाऊं शकले, तो अधिकार १७९६ त जागच्या जागीं होता. धरलेल्या माणसास किती वेळ ठेवावें, कोठें ठेवावें, रात्रींतून कोणीं पाहून यावें, यांविषयीं नवा दंडक घालण्याचें कारण एकवीस प्रेतांनीं दिलें होतें. दगडांच्या माऱ्यांत तें कारण संपून गेलें. जुलमी मेला, आतां जुलूम मेला, अशी समजूत करून घेणें लोकांस सोपें असतें. सरकारास तर तें फारच सोयीचें असतें. खटला झाला असता तर घाशीरामाबरोबर कोतवालीही उभी राहिली असती.

संशोधकाचेंही यांत नुकसान आहे, व तें आम्हांस वारंवार जाणवतें. जमावानें दिलेल्या निकालाबरोबर निवाडपत्र मिळत नाहीं. घाशीरामानें काय काय केलें याविषयीं ज्या कथा आहेत त्यांपैकीं खऱ्या कोणत्या व मेल्यावर त्याच्या माथीं मारलेल्या कोणत्या, हें पारखण्याची कसोटीच त्या दिवशीं नाहींशी झाली. रिकाम्या जागीं मग कथा वाढते. इ. स. १८६३ त मोरोबा कान्होबा विजयकर यांनीं घाशीरामाच्या नांवानें कादंबरी लिहिली, इ. स. १९७२ त विजय तेंडुलकर यांचें नाटक रंगभूमीवर आलें. त्या नाटकांत नानांस ज्या रंगांत दाखविलें त्यावरून मोठा वाद माजला. आम्हांस त्या वादांत शिरावयाचें नाहीं. नाटककारानें तो आपला इतिहासग्रंथ आहे असें म्हटलेलें नव्हतें. परंतु त्याच्यावर रागावणारांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी होती. नानांचा या प्रकरणांत संबंध किती होता, याचें खात्रीचें उत्तर देणारा कागद जर कोणीं होऊं दिला नसेल तर तो नानांनींच. स्वतःच्या निर्दोषतेचा पुरावा त्यांनीं घाशीरामाबरोबर जमावाच्या स्वाधीन केला.

आणखी एक गोष्ट. या सर्व कथेंत, मग ती कादंबरींतील असो, नाटकांतील असो, कीं घरोघर सांगितली जाणारी असो, घाशीरामाचें नांव आहे, नानांचें आहे, मानाजी फाकड्यांचें आहे. कोंडून मेलेल्या एकवीस जणांपैकीं एकाचेंही नांव तींत येत नाहीं. ते कोणत्या गांवचे, दक्षणेचे किती रुपये त्यांच्या कनवटीस होते, ते पैसे पुढें त्यांच्या घरीं पोंचले कीं कोतवालींतच राहिले, हें कोणीं विचारलें नाहीं. बागेंतील कणसें त्यांनींच तोडलीं होतीं कीं दुसऱ्या कोणीं, तेंही नाहीं.